रेसिडेंटसाठी दर आठवड्याची क्विझ: गुण वाढतात, पण मॉकमध्ये फरक पडत नाही

प्रश्न: वॉर्ड_समन्वयक

मेडिसिन विभागात २४ रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर) आहेत, तिन्ही वर्षांचे मिळून. तिसऱ्या वर्षाची प्रमाणपत्र परीक्षा आठ महिन्यांवर आहे. लेखी भाग एमसीक्यूचा (दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं), एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. त्यानंतर क्लिनिकल आणि तोंडी.

सध्याची पद्धत अशी: आठवड्याला एक विषय ठरवायचा (या आठवड्यात किडनी, पुढच्या आठवड्यात फुप्फुस), शुक्रवारी त्यावर सेमिनार आणि सोमवारी सकाळी राउंडच्या आधी ४० मिनिटांत ३० प्रश्नांची क्विझ. प्रश्न बाजारातल्या प्रश्नपेढ्यांमधून घेतलेले. गुण नावासकट ग्रुपवर टाकले जातात.

क्विझची सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास असते. पण सगळा अभ्यासक्रम एकत्र करून मॉक (सराव परीक्षा) घेतली की तीच मुलं ५५वर येतात, आणि तीन महिन्यांत त्यात हालचाल नाही. शिवाय नाइट ड्युटीवरून आलेले दोघं-तिघं दर सोमवारी गळतात.

प्रश्नांची संख्या वाढवावी का? की प्रश्नच बदलायला हवेत? गुण जाहीर करावेत की नाहीत? नेमकं काय करायचं ते सांगितलंत तर बरं होईल, 'सातत्य ठेवा' एवढं नको.

उत्तर १: उजळणीवाला

संख्या वाढवू नका, कमी करा. आधी हिशोब पाहा: ३० प्रश्न गुणिले ७२ सेकंद म्हणजे ३६ मिनिटं. चर्चेला उरली चार मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ८ सेकंद. एवढ्यात 'उत्तर ब' इतकंच सांगून होतं.

८० आणि ५५ मधल्या फरकाचं कारण तुमच्या वेळापत्रकातच आहे. शुक्रवारी ऐकलेलं सोमवारी विचारलं की डोकं फारसं शोधत नाही, समोर ठेवलेलं उचलून देतं. त्यात आठवडा किडनीचा आहे हे आधीच माहीत! प्रत्येक सूज नेफ्रॉटिकची (किडनीतून प्रथिनं गळण्याची), प्रत्येक दम व्हॉल्यूम ओव्हरलोडचा (अंगात पाणी साचण्याचा). मॉकमध्ये मात्र सुजलेला पाय समोर येतो तेव्हा हृदय, यकृत, किडनी की शिरेतली गुठळी हे ठरवण्यापासून सुरुवात असते. तुमची क्विझ तो पहिला निर्णय कधी मागतच नाही.

रोडिगर आणि कारपिके यांचा २००६चा प्रयोग इथे अगदी लागू पडतो. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून एकदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटं: ४२ विरुद्ध ५६. म्हणजे लगेच घेतलेली चाचणी तुम्हाला नेमकी उलटी बातमी देऊ शकते. रेसिडेंटवरच केलेला प्रयोग हवा असेल तर लार्सन, बटलर आणि रोडिगर यांचा २००९चा पाहा. विषय होते स्टेटस एपिलेप्टिकस (न थांबणारी आकडी) आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार). शिकवल्यावर लगेच, दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी, एका विषयावर चाचणी आणि दुसऱ्यावर नुसती उजळणीची टिपणं. सहा महिन्यांनी चाचणीवाल्या विषयात ३९ टक्के, टिपणांवाल्यात २६. (३९ हाही काही मिरवण्यासारखा आकडा नाही. तीन वेळा आठवूनही सहा महिन्यांत एवढं गळतं, हेच त्यातून घ्यायचं.)

तुमच्यासाठी मांडणी अशी करा. दर सोमवारी १२ प्रश्न, १५ मिनिटं, उरलेली २५ मिनिटं चर्चा. बारापैकी सहा नवे. चार प्रश्न साधारण तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेलेल्या मुद्द्यांवर, दोन दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या मुद्द्यांवर. सगळे मिसळून, वर विषयाचं नाव न लिहिता. तीन आठवडेच का, तर सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या कामात दिसलं की परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन उजळण्यांमधलं चांगलं अंतर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के असतं, आणि वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के. आठ महिन्यांसाठी तीन आठवडे त्यात सहज बसतात. परीक्षा जवळ आली की अंतर दहा दिवसांवर आणा.

जुना प्रश्न जसाच्या तसा परत आणू नका. मुद्दा तोच, रुग्ण वेगळा. पहिल्या वेळी हायपोनेट्रेमिया (रक्तात सोडियम कमी होणं) फुप्फुसाच्या कर्करोगात होता, तर दुसऱ्या वेळी थायझाइड (लघवी वाढवणारं औषध) घेणाऱ्या वृद्धेत आणा. तोच प्रश्न दिला की मुलं दुसऱ्या ओळीवरच उत्तर ओळखतात आणि तुमचा आलेख विनाकारण चढतो.

नवे प्रश्न कशावर घ्यायचे हे सेमिनारच्या वेळापत्रकावरून ठरवू नका. परीक्षेची ब्लूप्रिंट (कोणत्या विभागाला किती टक्के प्रश्न याची यादी) समोर ठेवा. शेवटचे चार आठवडे सोडले तर हातात ३० क्विझ आहेत, म्हणजे १८० नवे प्रश्न. ब्लूप्रिंटमध्ये एखाद्या विभागाला १४ टक्के असतील तर त्याला २५, दोन टक्के असतील तर तीन-चार. हे एकदा तक्त्यात मांडलं की कळतं, विभागप्रमुखांच्या आवडत्या विषयाला आतापर्यंत किती झुकतं माप मिळालं ते.

आणि १८० प्रश्नांत परीक्षा होत नाही. रोजचे २०-२५ प्रश्न प्रत्येकाने आपापल्या प्रश्नपेढीतून सोडवायचेच आहेत. सोमवारची क्विझ त्यांची जागा घेत नाही, चुकलेल्या गोष्टी परत समोर आणते.

उत्तर २: पर्याय_तपासनीस

वरच्या मांडणीशी सहमत. पण प्रश्न वाईट असतील तर १२ असोत की ३०, सारखंच.

पहिली कसोटी: पर्याय हाताने झाका आणि फक्त प्रश्न वाचा. उत्तर मनात येतं का? 'डायबेटिक कीटोॲसिडोसिसबद्दल खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे?' यावर (म्हणजे मधुमेहात रक्त आम्लयुक्त होण्यावर) पर्याय न बघता काहीच म्हणता येत नाही. तो एक प्रश्न नसून चार वेगवेगळी खरं-खोटं विधानं एका दोरीने बांधलेली आहेत. त्याच मुद्द्यावर असा प्रश्न करता येतो:

'२४ वर्षांची स्त्री, टाइप १ मधुमेह, दोन दिवस उलट्या. ग्लुकोज ४८६ मिग्रॅ/डेसीलिटर, पीएच ७.०८, पोटॅशियम २.८ मिलीमोल/लिटर. लघवी होते आहे, सलाइन सुरू आहे. पुढची सर्वांत योग्य कृती कोणती?
(अ) ०.१ युनिट/किलो/तास या दराने इन्सुलिन सुरू करणं
(ब) इन्सुलिन थांबवून ठेवून आधी शिरेतून पोटॅशियम देणं
(क) सोडियम बायकार्बोनेट देणं'

उत्तर ब. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं. आधीच २.८ असताना ते आणखी उतरलं तर हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू दुबळे होतात. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पोटॅशियम मुद्दाम २.८ ठेवलं आहे. इन्सुलिन रोखण्याची मर्यादा उपचारांच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत ३.३ होती, २०२४च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात ती ३.५ झाली. तुम्ही ३.४ लिहिलंत की अर्धा तास वाद, आणि दोन्ही बाजू बरोबर. उंबरठ्यावरचा आकडा प्रश्नात घ्यायचाच नाही, जोवर तो उंबरठाच शिकवायचा नसेल. दुसरं, पीएच ७.०८ आहे म्हणून 'क' चूक ठरतो. तो ६.८५ असता तर 'क'सुद्धा बिचकत का होईना पण उभा राहिला असता.

पर्याय तीनच आहेत हे पाहून कुणी नाक मुरडेल. चालतात. रॉड्रिगेझ यांनी २००५मध्ये अनेक दशकांचं संशोधन एकत्र करून हाच निष्कर्ष काढला, तीन पर्याय पुरेसे. चौथा बहुतेक वेळा भरतीचा असतो, त्याला कुणी हात लावत नाही. प्रत्यक्ष परीक्षेत चार असतील तर मॉकमध्ये चार ठेवा, सोमवारी तीन पुरे.

चकवे पर्याय कुठून आणायचे? वॉर्डातून. नव्या रेसिडेंटकडून खरोखर काय चुकतं ते लिहा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत) 'आधी हायड्रोकॉर्टिसोन' हा चांगला चकवा आहे, कारण ते होतं. 'तोंडाने अँटासिड' हा चकवा नाही, टाइमपास आहे.

तपासताना या चुका हमखास सापडतात: बरोबर उत्तर सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत सावधपणे लिहिलेलं; चुकीच्या पर्यायांत 'नेहमी', 'कधीच नाही'; प्रश्नातला शब्द एकाच पर्यायात पुन्हा आलेला; 'वरील सर्व', ज्यात दोन पर्याय बरोबर आहेत एवढं कळलं की काम झालं; आणि तीनपैकी दोन औषधं आणि एक तपासणी. ज्याला विषय येत नाही पण परीक्षा देता येते, तो या खुणांवर पास होतो. बाजारातल्या पेढ्यांमध्ये असे प्रश्न ढिगाने आहेत, तेव्हा तिथून घेताना डोळे मिटून घेऊ नका.

एका चांगल्या प्रश्नाला स्पष्टीकरणासकट अर्धा-पाऊण तास धरा. आठवड्याला सहा नवे म्हणजे तीन-चार तास. एकट्यावर टाकलंत तर महिन्याभरात बंद पडेल. सहा कन्सल्टंटनी एकेक लिहावा, सातव्याने उत्तर न बघता सोडवून पाहावा. सोडवणारा अडला तर प्रश्न दुरुस्तीला परत.

प्रश्नकर्ता: वॉर्ड_समन्वयक

दोघांचेही आभार. १२ प्रश्न आणि मिसळलेले विषय, ठरलं. तीन-चार तासांचं काम वाटून घ्यावं लागेल हेही पटलं. पण २५ मिनिटांत चर्चा नेमकी कशी करायची? सध्या कुणीतरी उत्तर वाचून दाखवतं, बाकीचे मोबाइलमध्ये. आणि गुणांचं काय?

उत्तर ३: चूक_वही

सगळ्या बाराच्या बारा प्रश्नांवर बोलू नका. पाच निवडा. निवडण्यासाठी प्रत्येक उत्तरासोबत एक अक्षर लिहायला सांगा: ख (खात्री), द (दोनांत अडकलो), अं (अंदाज). कागदावरही होतं, ॲप लागत नाही.

आता उत्तरांच्या ढिगातले चार गट महत्त्वाचे. 'ख' आणि बरोबर: सोडून द्या. 'अं' आणि बरोबर: हे गुणपत्रिकेत दिसतं, डोक्यात नसतं. ते चुकलेलंच समजा. 'द' आणि चूक: दोन पर्यायांमधला फरक सांगितला की बहुतेक सुटतं. 'ख' आणि चूक: हा सर्वांत धोक्याचा गट, वॉर्डातही. चर्चेची पहिली दहा मिनिटं याच प्रश्नांना. दिलासा असा की खात्रीने दिलेलं चूक उत्तर दुरुस्त केलं तर ती दुरुस्ती अधिक पक्की बसते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१मध्ये हे दाखवलं. मात्र दुरुस्ती तिथल्या तिथे व्हायला हवी. एमसीक्यूचा एक तोटा असतो, चकवा पर्याय वाचून वाचून तोच खरा वाटायला लागतो. स्पष्टीकरण न देता फक्त गुण टाकलेत तर तुम्ही दर सोमवारी थोडं चुकीचं शिकवता आहात.

चर्चेचा क्रम असा ठेवा. प्रश्न पडद्यावर, उत्तर नाही. शेजारच्याशी एक मिनिट बोला. मग ज्याने चकवा निवडला त्याला नाव घेऊन नव्हे, तर 'अ कुणाला पटला होता, का?' असं खुलं विचारा, कुणीतरी बोलतंच. त्यानंतर प्रत्येक चूक पर्यायासाठी एक वाक्य: 'प्रश्नात काय बदललं असतं तर हे उत्तर बरोबर झालं असतं?' हा प्रश्न सोन्यासारखा आहे. वरच्या उदाहरणात पोटॅशियम ४.२ केलं की 'अ' बरोबर होतो. एका प्रश्नात तीन प्रश्न होतात.

चुकांची नोंद प्रत्येकाची वेगळी असावी आणि ती मुद्द्याची नको, कारणाची हवी. चार कारणं पुरतात: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, दोन गोष्टींची गल्लत झाली, प्रश्न नीट वाचला नाही. उपाय वेगवेगळे आहेत. माहीत नव्हतं, तर पुस्तकाचं ते पान वाचा. आठवलं नाही, तर वाचून उपयोग नाही, पुन्हा विचारून घ्या. गल्लत झाली, तर दोन रकान्यांचा तक्ता: ॲड्रेनालिन ०.५ मिग्रॅ म्हणजे १:१००० तीव्रतेच्या द्रावणाचं ०.५ मिली, आणि १:१०,००० तीव्रतेच्या द्रावणाचं ५ मिली. नीट वाचलं नाही, तर 'पहिली तपासणी' आणि 'निश्चित निदानाची तपासणी' असे शब्द अधोरेखित करायची सवय. रेसिडेंट लोक सगळ्याच चुकांना 'सिली मिस्टेक' म्हणतात. चार आठवड्यांची नोंद समोर ठेवली की तो शब्द आपोआप बंद होतो.

गुण नावासकट टाकणं आजच थांबवा. ज्या क्षणी गुणांना किंमत येते, त्या क्षणी कुणी 'अं' लिहीत नाही, प्रश्न आदल्या बॅचकडून मागवले जातात, आणि तळातली तीन मुलं सोमवारी आजारी पडतात. प्रत्येकाला त्याचे गुण, ग्रुपवर फक्त प्रश्ननिहाय टक्केवारी. हजेरी मात्र मोजा.

नाइटवाल्यांसाठी तीच क्विझ ४८ तास उघडी ठेवा, वेळ तीच १५ मिनिटं, चर्चेचा सारांश एका पानात. रात्रभर जागलेल्याकडून त्याच सकाळी परीक्षा घेऊन काहीच मोजलं जात नाही.

उत्तर ४: पर्याय_तपासनीस

प्रश्ननिहाय टक्केवारीबद्दल एक इशारा. कुणीतरी एक्सेल उघडून डिस्क्रिमिनेशन इंडेक्स (प्रश्न तयारी असलेल्या आणि नसलेल्या मुलांत किती फरक करतो त्याचा आकडा) काढायला बसेल. पद्धत सोपी: वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांमध्ये बरोबर उत्तरांच्या प्रमाणातला फरक. पण २४ जणांत २७ टक्के म्हणजे सहा माणसं. एकाने उत्तर बदललं तर आकडा ०.१७ने हलतो. त्यावरून प्रश्न बाद करू नका.

एवढ्या लहान गटात दोनच गोष्टी बघा. वरचे सगळे एकाच चूक पर्यायावर गेले, तर बहुधा तुमची उत्तरसूची चूक आहे किंवा सूचना बदलल्या आहेत. आणि ज्या पर्यायाला सलग दोन वेळा एकही मत पडलं नाही, तो बदला. बाकी आकडेमोड तीन-चार वर्षांची उत्तरं साठली की.

आणखी एक: तुमच्याकडे पहिल्या वर्षाचेही आहेत. त्यांची ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षाची ५० टक्के एकाच सरासरीत मिसळू नका. तीन वर्षांचे तीन रकाने.

उत्तर ५: तोंडी_परीक्षक

वर सगळं एमसीक्यूभोवती फिरतंय, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. परीक्षेत क्लिनिकल आणि तोंडी भागही आहे. पर्याय ओळखता येणं आणि कोऱ्या पाटीवरून उत्तर देणं यात फरक आहे. बारांपैकी किमान तीन प्रश्न पर्यायांशिवाय द्या: 'पाच मिनिटांपासून आकडी थांबलेली नाही. पहिलं औषध, मात्रा, मार्ग.' उत्तर एका ओळीत: शिरेतून लोराझेपाम, ०.१ मिग्रॅ/किलो, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिग्रॅ. ज्याला चार पर्यायांतून लोराझेपाम ओळखता येतं, त्याची मात्रा लिहिताना पेन थांबतं. तपासायला वेळ लागतो म्हणून कुणी असे प्रश्न घेत नाही. शेजाऱ्याने तपासावं, दोन मिनिटांचं काम.

पण तपासणी करून दाखवणं, रुग्णाशी बोलणं, ईसीजी हातात धरून परीक्षकासमोर वाचणं हे कोणत्याही लेखी क्विझने येत नाही. त्यासाठी महिन्यातून एक सोमवार स्टेशनांना (एकेका टेबलावर एकेक काम करून दाखवायच्या सरावाला) द्या.

उत्तर ६: उजळणीवाला

तोंडी_परीक्षक यांचं म्हणणं मान्य. बारांत तीन उघडे प्रश्न घ्या, माझी बेरीज त्याने बिघडत नाही. परतीचे जे सहा आहेत त्यातले तीन उघडे ठेवा: पहिल्यांदा पर्यायांसह आलेला मुद्दा दुसऱ्यांदा पर्यायांशिवाय. फक्त महिन्यातला एक सोमवार स्टेशनांना गेला तर नवे प्रश्न १८०चे १४०वर येतील, ब्लूप्रिंटचा तक्ता त्याप्रमाणे परत मांडा.

शेवटच्या चार आठवड्यांचं राहिलं होतं. नवे प्रश्न बंद. आठवड्याला एक पूर्ण लांबीची मॉक, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, मध्ये मोबाइल नाही. तोवर १५ मिनिटांच्या क्विझची सवय लागलेली असते आणि तिसऱ्या तासात लक्ष कसं ढळतं हे कुणी अनुभवलेलं नसतं. मॉकनंतर दुसऱ्या दिवशी चर्चा, त्याच दिवशी नको.

नेगेटिव्ह मार्किंग असेल तर आधी गणित फळ्यावर मांडा, नाहीतर मुलं भीतीने प्रश्न सोडतात. बरोबरला ४, चुकीला उणे १ आणि चार पर्याय असतील तर डोळे मिटून टिक केलं तरी सरासरी ०.२५ गुण हाती लागतो. एक पर्याय नक्की बाद करता आला तर ०.६७. अशा नियमात प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे गुण टाकून देणं. बरोबरला १ आणि चुकीला उणे एक तृतीयांश असेल तर आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्य, पण एक पर्याय बाद झाला की तिथेही ०.११. वजावट नसेल तर प्रश्नच नाही, सगळं भरा.

'पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये' हे सीनियर सांगतात, तेही तपासून घ्या. क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये उत्तरपत्रिकांवरची खोडाखोड मोजली. चुकीचं खोडून बरोबर केलेले बदल, बरोबरचं चूक केलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघाले. बदलून चुकलेलं तेवढं लक्षात राहतं, इतकंच. मॉकमध्ये बदललेल्या उत्तरांवर बारीक खूण करायला सांगा, प्रत्येकाला आपला हिशोब कळेल.

प्रश्नकर्ता: वॉर्ड_समन्वयक

या सोमवारपासून १२ प्रश्न, त्यात तीन उघडे, आणि ख-द-अं. नावासकट गुणांची यादी बंद करतोय. ब्लूप्रिंटचा तक्ता आज भरायला घेतला. तीन महिन्यांत संसर्गजन्य आजारांवर एकही प्रश्न झालेला नाही आणि किडनीवर ९० झालेत, हे पहिल्याच रकान्यात दिसलं.